न दिसणारे पाऊल

‘भय’ हा यंदाच्या अंकाचा विषय ठरल्याचे संपादकांनी कळविले, आणि त्याच पत्रात, भुताखेतांचे, रोगराईचे व राजकारणाचे भय इतर लेखकांच्या वाट्याला गेले असून मी मावळ-लोणावळ्याच्या मुलखात हिंडून काही निराळे आढळल्यास तेवढे लिहावे, अशी मुभावजा सूचनाही केली. मोठमोठी भये अशी अगोदरच वाटली गेल्यावर माझ्या हिश्श्यास जे उरले ते फारच अरुंद, म्हणजे वितीच्या निम्म्याहून किंचित कमी रुंदीचे निघाले.

जिम्नॅस्टिक्समध्ये मुलींसाठी जो बीम असतो, तो ५ मीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद आणि जमिनीपासून १.२५ मीटर उंच असतो. त्यावर चढून, दीड मिनिटाच्या मुदतीत, चालणे, गिरकी, उड्या आणि कोलांट्या यांची एक अखंड मालिका सादर करावयाची आणि शेवटी हवेत उलटून खाली उतरावयाचे, असा त्या खेळाचा शिरस्ता आहे. मध्येच पडल्यास पूर्ण एक गुण जातो, आणि पुन्हा वर चढून उरलेला खेळ पुरा करण्यासाठी दहा सेकंद मिळतात. आता बीमवर चामड्यासारखे मऊ आवरण असते. पूर्वी ते निव्वळ गुळगुळीत लाकूड असे, आणि १९७२ साली म्यूनिकच्या ऑलिंपिकमध्ये ओल्गा कोर्बुट या सतरा वर्षांच्या मुलीने तशा लाकडावर उभ्याने मागे उलटी कोलांटी घेतली, तेव्हा पाहणाऱ्यांनी श्वास रोखले आणि हे असले प्रकार नियमांत बसवावेत की नाही यावर जाणत्यांत वाद झाला.

माझा मामला कोर्बुटच्या कोलांटीहून एक पायरी खालचा आहे. मुली त्याला ‘फ्लिक’ म्हणतात. बीमवर उभे राहून हात मागे न्यावयाचे, गुडघे किंचित वाकवून खुर्चीवर बसल्यासारखे व्हावयाचे, आणि मग सगळे अंग मागे झोकून देऊन हात बीमवर टेकवावयाचे, पाय डोक्यावरून फिरवून एकामागोमाग एक पुन्हा त्याच पट्टीवर आणावयाचे. सपाट गादीवर हीच गोष्ट दहा-अकरा वर्षांची मुलगी हसतखेळत करते. बीमवर तीच करावयास तिला वर्ष लागते, आणि त्या वर्षातला बराचसा काळ ती करीत नाही, करण्याच्या बेतात उभी असते.

रुंदी तीच, उंची निराळी

तळेगाव दाभाड्याच्या एका शाळेच्या सभागृहात, जिथे सकाळी प्रार्थना होते आणि लग्नसराईत कधीमधी पंगतीही उठतात, तिथे सायंकाळी गाद्या अंथरून मुलींचा वर्ग भरतो. मी गेलो तेव्हा एका बाजूस लहानग्या मुली जमिनीवर चिकटविलेल्या पांढऱ्या पट्टीवर पाय मोजीत होत्या, मध्यभागी घोट्याइतक्या उंचीच्या, गावच्याच सुताराने केलेल्या बीमवर मधल्या वयाच्या मुलींची रांग होती, आणि पलीकडे खरा, पूर्ण उंचीचा बीम होता, त्याच्यावर एक मुलगी उभी होती. तिचे हात मागे गेले, गुडघे वाकले, आणि तिथेच सगळे थांबले. तिने पुन्हा पावले सारखी केली, पुन्हा हात मागे नेले, पुन्हा थांबली. रांगेतल्या मैत्रिणी बोलत नव्हत्या. या रोगाची लागण आपल्यालाही होऊन गेली आहे किंवा व्हावयाची आहे, हे त्यांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट दिसत होते.

शिक्षिकेने, जिला सगळ्या मुली ताई म्हणतात, ‘घाबरू नकोस’ असे म्हटले नाही. “खाली ये. रेषेवर पाच, मग छोट्या बीमवर पाच,” एवढेच ती म्हणाली आणि दुसऱ्या मुलीकडे वळली. पुढे मी विचारले तेव्हा तिने जे सांगितले ते मला या साऱ्या विद्येचे मर्म वाटले. उंचावर उभे राहून मूल अडते, ती अडण्याचीही तालीमच होते. हात मागे, गुडघे खाली, आणि थांबा, अशी साखळी अंगात एकदा घट्ट बसली की फ्लिकची साखळी मोडून तिच्या जागी हीच बळावते. म्हणून तिच्या वर्गात तीनदा अडलेल्या मुलीने वर थांबावयाचे नाही, असा कायदा आहे. ही शिक्षा नव्हे. उंचीवर चुकीचे शिकण्यापेक्षा खाली उतरून बरोबर असलेलेच पुन्हा गिरवावे, एवढाच त्यात हिशेब.

आणखी एक गोष्ट तिथे माझ्या ध्यानात आली, जी पुस्तकांत वाचूनही कदाचित ध्यानात आली नसती. जमिनीवरची पट्टी, सुताराचा बीम आणि खरा बीम, तिन्हींची रुंदी एकच. उंची हवी तशी कमी-अधिक करावयाची; खऱ्या बीमच्या दोन्ही अंगांना गाद्यांची चळत पार काठापर्यंत आणून त्याची उंची जवळजवळ नाहीशी करावयाची, मग आठवड्या-दोन आठवड्यांनी एक एक गादी काढून घ्यावयाची; पण रुंदीला कधी हात लावावयाचा नाही. नवख्यास वाटते की आधी रुंद फळीवर शिकवून मग फळी अरुंद करीत न्यावी. ताईंचे म्हणणे असे की रुंद फळीवर शिकलेले अंग अरुंद फळीवर काही उपयोगाचे नसते, कारण हात कोठे पडावेत हे त्याला माहीतच नसते. उलट घोट्याइतक्या उंचीवर शिकलेले हात छातीइतक्या उंचीवर नेमके त्याच जागी पडतात, फक्त त्या हातांवर मुलीचा विश्वास बसावा लागतो. मोठे देणे असेल तर हप्ते पाडून घ्यावेत, मुद्दलात मात्र खोट करू नये, तसाच हा व्यवहार.

विश्वासाचा तपशील तर फारच बारकाईचा आहे. मुली ज्याला ‘सपोर्ट’ म्हणतात तो म्हणजे शिक्षिकेचा पाठीखालचा हात. प्रथम तो हात वजन उचलतो; मग नुसता टेकतो; मग जवळ असतो पण टेकत नाही; मग शिक्षिका उभी असते आणि हात बाजूला असतात; शेवटी शिक्षिका दोन पावले दूर असते. यांपैकी आत्ता कोणती पायरी चालू आहे हे प्रत्येक वेळी मुलीला स्पष्ट शब्दांत सांगितले जाते. “हात लावीन म्हणून सांगितलं आणि फसवून काढून घेतला, तर कदाचित त्या दिवशी ती करेल,” ताई म्हणाली, “पण दुसऱ्या दिवशी माझा शब्द तिच्याजवळ चालणार नाही.” लहान मुलांना सायकल शिकवताना मागचा हात गुपचूप सोडून देण्याची आपल्याकडची सर्वमान्य युक्ती मला तिथे प्रथमच थोडी संशयास्पद वाटली.

आणि या सगळ्याच्याही आधी, वर्षाच्या अगदी आरंभी, मुलींना पडावयास शिकवितात. बीमवरून तोल जात असेल तर त्याला कवटाळावयाचे नाही, कारण कवटाळणाऱ्याची बरगडी दुखावते; त्याला ढकलून, अंग वेगळे करून, पायांवर बाजूला उतरावयाचे. उतरता येते हे अंगाला कळले की मग चढण्याची भाषा करावयाची.

पण मूळ प्रश्न उरतोच. जी मुलगी पूर्ण उंचीच्या बीमवर धावते, पुढे कार्टव्हील करते, एका पायावर गिरकी घेते, तीच फ्लिकपाशी का अडते? उंची तर तीच असते. मी त्या अडलेल्या मुलीलाच विचारले. ती विचारात पडली आणि म्हणाली, “पुढे करताना बीम दिसतो. मागे जाताना मधेच दिसत नाही.” पाय सुटल्यापासून हात टेकण्याच्या किंचित आधीपर्यंतचा तो निमिष, ज्यात डोळ्यांपुढे छताचे पंखे असतात आणि बीम कोठेच नसतो, तोच त्या भयाचा खरा पत्ता होता. हा पत्ता हाती आल्यावर मावळात तो मला इतरत्रही सापडू लागला.

तेल लावलेला खांब

पुणे जिल्ह्यात बीम विरळ, मल्लखांब मात्र जागोजाग आहे. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त मल्लांच्या सरावासाठी खांबाचा उल्लेख येतो, पण आजच्या मल्लखांबाचे श्रेय परंपरेने दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरच्या बाळंभटदादा देवधरांना देतात. शिसवी वा सागवानी खांब, खाली जाड, वर निमुळता. त्याचे अंग, मान आणि माथ्यावरचे बोंड. आणि त्या सगळ्यास चोळलेले एरंडेल. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी देशी व्यायामाची प्रात्यक्षिके केली, त्यांत हा खांब परदेशीयांनी पाहिला. तेव्हापासून आजवर कितीतरी गोष्टी बदलल्या असल्या तरी अढी घालून खांबाला मिठी मारणाऱ्या पोराच्या मांडीवर उमटणारा लाल पट्टा काही बदललेला नाही.

मल्लखांबाचे भय मी बीमच्या शेजारी ठेवून पाहिले. अढी असो वा दसरंग, डोके खाली आणि पाय वर होणे हा तिथे पहिल्या महिन्याचाच पाठ आहे, त्यामुळे उलटे होण्याचे भय मल्लखांबावरच्या मुलांत फारसे शिल्लक राहत नाही. ताईच्या वर्गातही मल्लखांबावरून आलेल्या मुली याच कारणाने चटकन पुढे जातात. पण फ्लिकपाशी त्याही अडतात, आणि त्याचे कारण असे की खांबावर अंगाचा आणि आधाराचा संबंध बहुतेक वेळ तुटत नाही. डोळे कोठेही असोत, मांडीला, बगलेला, पावलाला लाकूड लागलेले असते. दादरच्या शिवाजी पार्कवरील श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे, ज्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली, त्यांनी दृष्टिहीन मुलींनाही मल्लखांब शिकविला, ही गोष्ट ऐकून जे आश्चर्य करतात त्यांनी हा भेद लक्षात घ्यावा: त्वचेने पाहता येण्याजोगे जे आहे ते मल्लखांबात मुबलक आहे. बीमवरचा तो एक निमिष डोळ्यांचाही नाही आणि त्वचेचाही नाही. तेवढा वेळ आधार केवळ स्मरणात असतो.

ढाकची बहिरी

कामशेतहून नाणे मावळाच्या अंगाने आत गेले की शेवटी जांभिवली लागते, आणि तिच्यापलीकडे कोंडेश्वराचे जुने देऊळ. तेथून रानातून चढत गेलेली वाट ढाकच्या पठाराशी येते, आणि मग एका खिंडीत, डाव्या-उजव्या बाजूंना ढाकचा कातळ आणि कळकराईचा सुळका असताना, एकाएकी खाली कोसळते. या खिंडीतल्या अरुंद घळीतून उतरून कातळाच्या पोटाशी यावयाचे, तिथून आडव्या वाटेने सरकत जावयाचे, आणि अखेरीस दोराला व कातळाला टेकवून ठेवलेल्या झाडाच्या खोडाला धरून वर चढले की बहिरीची गुहा. गुहेत शेंदूर माखलेला देव आहे, कातळात खोदलेले पाण्याचे टाके आहे, आणि स्वयंपाकाची भांडी आहेत. भांडी हवी तेवढी वापरावीत, घासून पुन्हा ठेवावीत. घरी नेल्यास बहिरी सोडत नाही, असा आसपासच्या गावांचा दृढ समज आहे आणि भांडी जागेवर असल्याचे पाहता त्याचा अंमलही बिनबोभाट चालू आहे. गुहेच्या तोंडाशी बसले की समोर राजमाचीचे दोन बालेकिल्ले, श्रीवर्धन आणि मनरंजन, आणि मधली दरी.

ही जागा जिवावर बेतणारी आहे, हे येथे सरळ सांगून टाकतो. पावसाळ्यात तिकडे जाऊ नये; इतर वेळीही दोराचा अनुभव असलेला सोबती आणि गावचा माणूस असल्याखेरीज जाऊ नये. आमच्याबरोबर दोन्ही होते. गावचा माणूस म्हणजे साठीच्या पुढचा, सडपातळ, अनवाणी म्हातारा. त्याला आम्ही बाबा म्हणत होतो. आमच्या पायांत चांगले बूट असूनही तो आमच्याकडे चिंतेने पाहत होता, कारण बुटांमुळे पावलाला खडक कळत नाही असे त्याचे मत होते.

आडव्या वाटेवर भय वाटले, पण ते आटोक्यातले होते. पाऊल कोठे ठेवावयाचे ते दिसत होते, हाताला खाचा होत्या. उंचावर माणूस का डगमगतो याचे शारीरशास्त्रीय कारण मोठे मनोरंजक आहे. आपण स्थिर उभे आहोत असे आपल्याला वाटते तेव्हाही अंग सदैव थोडेसे झुलत असते, आणि ते झुलणे कानातील तोलाचे इंद्रिय, सांध्यांतील संवेदना आणि डोळे हे तिघे मिळून पकडतात व सावरतात. डोळ्यांना त्यासाठी जवळची वस्तू लागते. जवळचा खांब वा भिंत अंग झुलताच दृष्टीत लगेच सरकते, पण मैलभर दूरची डोंगररांग अंग बोटभर कलले तरी जागच्या जागीच राहते. म्हणून कड्याच्या काठावर डोळे आपले काम सोडून देतात, आणि अंगाला एकाएकी आपण असुरक्षित असल्याचे जाणवते. भित्रेपणाचा आरोप करण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे की ती जाणीव खरी असते. दरीकडे न पाहता कातळाकडे पाहण्याचा बाबांचा सल्ला, आणि बीमच्या दुसऱ्या टोकावर नजर रोवण्याची ताईची ताकीद, या दोहोंना एकच शास्त्र आहे. दोघांपैकी कोणालाही ते शास्त्र माहीत नव्हते, आणि माहीत नसल्याने दोघांचेही काही अडलेले नव्हते.

खरे भय परतताना वाटले. गुहेतून उतरताना तोंड कातळाकडे, पाठ दरीकडे, आणि पाय खाली सोडून चाचपडावयाचे. ज्या खोबणीवर चढताना डोळ्यांदेखत पाऊल ठेवले होते, ती आता आपल्याच पोटाआड आणि मांड्यांआड गेलेली असते. आमच्यातला एक तरणाबांड गडी, जो चढताना सर्वांत पुढे होता, तो इथे थांबला. त्याचे दोन्ही हात दोरावर होते, कमरेला दुसरा दोर होता, एक पाय खोडावर होता, आणि दुसरा पाय खाली जाऊन परत वर येत होता. तळेगावच्या सभागृहात हात मागे नेऊन थांबणाऱ्या मुलीचे जे झाले होते तेच तंतोतंत हे होते.

बाबा त्याच्या खाली, बाजूला, कसल्याशा फटीत बोटे अडकवून उभा होता. “डावा पाय सोड खाली,” तो म्हणाला. “अजून. अजून वाईच. आता आत घे. हां, घावली बघ खोबण. दे वजन.” गड्याने वजन दिले. पुढच्या पायरीला पुन्हा तोच प्रकार, पण आता “अजून” एकदाच म्हणावे लागले. तिसऱ्या वेळी बाबा काही बोललाच नाही, नुसता पाहत राहिला, आणि पाय आपोआप जागेवर गेला. ज्याला आपण धीर देणे म्हणतो ते त्यात फारसे नव्हते. होते ते मोजमाप. न दिसणाऱ्या जागेचे अंतर दुसऱ्याच्या तोंडून ऐकून पायाने पाठ करावयाचे, आणि मग ऐकणे सोडून द्यावयाचे.

तुम्ही पहिल्यांदा कधी आलात, असे नंतर कोंडेश्वराच्या देवळाच्या ओट्यावर बसल्यावर मी बाबांना विचारले. लहानपणी, बापाच्या मागे, असे उत्तर आले. भीती वाटली होती का? “वाटली की. बा फुडं व्हता, त्याच्या पायाकडं बघत गेलो.” आणि आता? आता वाटत नाही असे तो म्हणेल अशी माझी अपेक्षा होती. तो म्हणाला की नवी माणसे बरोबर असली की वाटते.

लोणावळ्यातील प्रयोगशाळा

भय अंगात कोठून आणि कसे शिरते याचा विचार लोणावळ्यात बसून करावयाचा तर कैवल्यधामाला वगळून चालणार नाही. जगन्नाथ गणेश गुणे, ज्यांना पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून लोक ओळखू लागले, ते तरुणपणी बडोद्याला प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यात देशी व्यायामात तयार झाले, मालसरच्या परमहंस माधवदासांकडे योग शिकले, आणि १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास ही संस्था काढली. योगाच्या गोष्टी गुरूच्या शब्दावर न ठेवता यंत्राने मोजून पाहाव्यात हा त्यांचा इरादा त्या काळात धाडसाचाच होता. उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रिया करताना पोटातला दाब वातावरणाच्या दाबाहून खाली जातो हे त्यांनी दाबमापकाने दाखविले, आणि त्याच वर्षी सुरू केलेल्या ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात आपले प्रयोग छापले. एका व्यायामशाळेच्या विद्यार्थ्याने प्रयोगशाळा काढावी, यात मला मराठी-गुजराती तालमींच्या परंपरेचा मोठा सन्मान दिसतो.

भयाशी याचा संबंध श्वासाच्या वाटेने येतो. फ्लिकच्या आधी अडणाऱ्या मुलींकडे मी पाहत होतो तेव्हा त्यांचे हात, गुडघे, नजर यांकडे माझे लक्ष होते. पोटाकडे पाहा, असे ताईने सुचविले, तेव्हा दिसले की अडणारी मुलगी प्रत्येक वेळी श्वास आत घेऊन तो कोंडीत होती. छाती भरलेली, खांदे वर, पोट ताठ, आणि घोट्याचे स्नायू दोन्ही बाजूंनी आवळलेले. अशा अंगाला लवचिक झोक घेता येत नाही, तेव्हा थांबण्यावाचून त्याला गत्यंतरही नसते. श्वास सावकाश सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, ही गोष्ट आता शारीरशास्त्राची पाठ्यपुस्तकेही सांगतात. ताईच्या वर्गातल्या मुली म्हणून हात मागे नेण्यापूर्वी ओठांतून लांब श्वास सोडतात. याने भय जाते असा कोणाचा दावा नाही. अंग वाकण्याजोगे राहते, एवढे मात्र होते, आणि फ्लिकला तेवढे लागते.

भयाचे म्हणणे ऐकावे की नाही

इथवर वाचून कोणास वाटेल की योग्य पायऱ्या पाडल्या, श्वास सोडला आणि आपला शब्द पाळणारी शिक्षिका लाभली की भयाचा निकाल लागतो. असे समजणारे शिक्षक फार धोकादायक असतात, आणि त्याचा दाखला जिम्नॅस्टिक्सच्या इतिहासात दुर्दैवाने पक्का आहे. सोव्हिएत संघाची एलेना मुखिना १९७८ साली जगज्जेती झाली. तिच्या फ्लोअरवरच्या खेळात पुरुषांकडून घेतलेली, पिळ्यासह मानेच्या दिशेने उतरणारी एक कोलांटी घालण्यात आली होती. ती आपल्याला नीट येत नाही, धोक्याची आहे, हे मुखिना सांगत होती. पायाच्या अस्थिभंगातून पुरती सावरण्यापूर्वीच ती पुन्हा तालमीस लागली, आणि जुलै १९८० मध्ये, मॉस्को ऑलिंपिकच्या तोंडावर, मिन्स्क येथे सरावात तीच कोलांटी अपुरी फिरून ती हनुवटीवर पडली. मानेखालचे सगळे शरीर लुळे झाले. पुढची सव्वीस वर्षे ती अंथरुणाला खिळून जगली आणि २००६ साली वारली. ती कोलांटी नंतर स्त्रियांना मना करण्यात आली.

मुखिनाचे भय हट्ट नव्हते. अंगात जी तयारी नव्हती तिची ती वर्दी होती, आणि ती वर्दी ज्यांनी घ्यावयाची त्यांनी ती दफ्तरात दाखलच करून घेतली नाही. अडणारी मुलगी कोणत्या जातीचे भय सांगत आहे, हातांना जागा ठाऊक असून मनाला ठाऊक नाही असे, की हातांनाही ठाऊक नाही असे, हे ओळखणे हे शिकविणाराचे सर्वांत कठीण काम आहे, आणि माझ्या मते त्याची खरी परीक्षाही हीच. पहिल्या भयाला पायऱ्या द्याव्यात. दुसऱ्याला मान द्यावा आणि खाली उतरावे.

सिमोन बाइल्सचे उदाहरण अलीकडचे आहे. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, २०२१ च्या जुलैअखेरीस, हवेत पिळे घेताना आपण कोठे आहोत हे तिच्या अंगाला कळेनासे झाले, आणि सांघिक अंतिम फेरीतून ती सर्व जगादेखत बाहेर पडली. तिची निर्भर्त्सना करणारे बहुतेक लोक आरामखुर्चीत बसलेले होते. काही दिवसांनी ती फक्त बीमच्या अंतिम फेरीसाठी परतली, शेवटी उतरताना नेहमीची पिळ्याची उडी टाळून तिने बिनपिळ्याची दुहेरी कोलांटी घेतली, आणि कांस्यपदक मिळविले. जे अंगाला दिसेनासे झाले होते तेवढे तिने वगळले आणि जे दिसत होते तेवढ्यावर खेळ उभा केला. या कांस्यपदकाची किंमत तिच्या कित्येक सुवर्णपदकांपेक्षा मी अधिक मानतो.

ताईनेही त्या अडणाऱ्या मुलीच्या बाबतीत हिवाळ्यातल्या स्पर्धेपुरती तशीच तजवीज केली आहे. बीमवर फ्लिकऐवजी बॅक वॉकओव्हर ठेवावयाचे. त्यातही मागेच जावयाचे असते, पण सावकाश, आणि हात टेकण्याआधी बीम डोळ्यांना भेटतो. गुण कमी पडतील. मुलीच्या आईने त्याबद्दल थोडी नाराजी दाखविली, वडिलांनी दाखविली नाही.

नागफणीवर

लोणावळ्याहून कुरवंडे गावी जावे, इंद्रायणी जिथे उगम पावते त्या परिसरातून वर चढावे, म्हणजे नागफणीचे टोक येते. इंग्रजांना त्यात वेलिंग्टनच्या ड्यूकचे नाक दिसले. गावच्या लोकांनी टोकावर महादेवाची स्थापना केली. याच कुरवंड्याच्या घाटाने उतरलेल्या कारतलबखानाच्या फौजेला शिवाजी महाराजांनी २ फेब्रुवारी १६६१ रोजी खाली उंबरखिंडीत कोंडले. पलीकडे बोरघाटातला रेल्वेमार्ग आहे, जो १८५६ ते १८६३ या काळात बांधला गेला. पतीच्या मृत्यूनंतर अॅलिस ट्रेडवेल या बाईने त्याचे कंत्राट पुढे चालविले, आणि त्या कड्यांवर सुरुंगाची भोके पाडण्यासाठी मजुरांना वरून दोरांनी खाली सोडीत. त्या मजुरांना खालची खोबण कोण सांगत असे, आणि किती जणांना कोणीच सांगितली नाही, याची नोंद कोठल्याही सरकारी कागदात मिळण्याचा संभव कमी.

आता सुटीच्या दिवशी नागफणीच्या कड्यावरून शहरातली मंडळी हौसेने रॅपलिंग करतात. कमरेला हार्नेस, दोराला कॅराबिनर, वर एक माणूस दोर सांभाळीत (बिले देत) उभा, आणि एक निराळा सुरक्षादोर. बैठ्या कामाचे, तिशी-चाळिशीतले पुरुष आणि बाया काठाशी पाठ करून उभे राहतात. कडा उतरणे हे त्यात कठीण नसते. कठीण असते ते पहिले पाऊल, म्हणजे दोरावर वजन टाकून, काठाच्या मागे, जिथे काहीच दिसत नाही तिथे, उलटे पाऊल टाकणे. एकदा पाय कातळाला सपाट लागले आणि अंग दोरावर मागे रेलले की चेहरे बदलतात, काहींना तर गाणेही सुचते.

मी तिथे गेलो त्या दिवशी एका तरुणाला पहिले पाऊल टाकता आले नाही. गटाचा म्होरक्या लोणावळ्याचाच, बचावकार्यात मुरलेला गडी होता. त्याने त्या तरुणाला दोनदा काठाशी नेले, दोनदा मागे आणले, तिसऱ्यांदा विचारले, आणि नकार मिळताच मुकाट्याने त्याची हार्नेस सोडविली. कोणी हसले नाही. हसण्याची शक्यता दिसताच म्होरक्याने एकाकडे असे काही बघितले की तो पाण्याची बाटली शोधू लागला. मग सगळ्यांच्या चपला, डबे, मोबाइल आणि मोटारींच्या किल्ल्या त्या तरुणाच्या हवाली करण्यात आल्या, आणि तो आमच्याबरोबर पायवाटेने कुरवंड्यास उतरला. दोराने उतरलेली मंडळी घळीतून वळसा घेऊन घामाघूम होऊन दीड तासाने गावात आली, तोवर आम्ही पोह्यांची दुसरी बशी संपविली होती, आणि किल्ल्या कोणाच्या खिशात आहेत यावरून त्यांच्यात जोराचे भांडण चालू होते.